शेततळ्यातील शिकारी मासा आणि स्पिनरचा गळ

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गळाने मासेमारी' असा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. कृषिविद्येच्या माणसाने पेरणी, आंतरपीक, पाण्याच्या पाळ्या यांवर बोलावे, गळ टाकून बसणे हा रिकाम्या वेळचा उद्योग, असे वाटणे साहजिक आहे. परंतु 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून आपल्या शिवारात तळ्यांची संख्या वाढली. तळे आले की मत्स्यबीज आले, आणि बीज आले की एक तक्रार हमखास ऐकू येते. "पाचशे बोटुकली सोडली, काढायच्या वेळी शंभरसुद्धा हाती लागली नाही. बीजच खोटे होते."

बीज कधी कधी खराब असते, हे खरे. वाहतुकीत मरतूक होते, बगळे व पाणकावळे खातात, चोरीही होते. पण पुष्कळ वेळा चोर तळ्यातच असतो आणि आपण त्याला पाहिलेले नसते. हा चोर म्हणजे शिकारी मासा. तो ओळखावा कसा व काढावा कसा, यासाठी स्पिनर नावाचा गळ उपयोगी पडतो. त्याचा उपयोग किती आणि मर्यादा कोणत्या, हे आज आपण पाहू.

शिकारी मासा तळ्यात येतो कोठून?

आपण सोडतो ते मासे म्हणजे कटला, रोहू व मृगळ. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ व वनस्पतिजन्य अन्न खातो, मृगळ तळाचा कुजका पालापाचोळा खातो. म्हणून हे तिघे एकत्र नांदतात. मरळ, डोक, शिवडा, शिंगाडा, वाम हे मात्र मांसाहारी. त्यांना कोणी विकत आणून सोडत नाही. नाल्याच्या पुराबरोबर ते येतात. नाल्यातून किंवा नदीतून पंपाने पाणी उचलले तर त्यांची अंडी व पिल्ले पाण्याबरोबर येतात. नदीतून गोळा केलेल्या बीजात मिसळून येतात. मरळ व डोक यांना तर पाण्याबाहेरची हवा घेता येते. ओल्या गवतातून सरपटत ते एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातात आणि तळे आटले तरी ओल्या चिखलात बराच काळ तग धरतात. म्हणून "उन्हाळ्यात तळे जवळजवळ कोरडे होते, मग मरळ कोठून आली?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तळाच्या चिखलातच असते.

आता थोडा हिशेब करू. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद व 3 मीटर खोल शेततळ्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर होतो. हेक्टरी 5000 बोटुकली या प्रमाणाने त्यात 450 बोटुकली बसते. या तळ्यात दोन मोठ्या मरळी आहेत आणि प्रत्येकीने रोज दोनच बोटुकल्या खाल्ल्या असे धरू. दोन महिन्यांत 240 बोटुकल्या गेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. पुढे मासा मोठा होतो, मरळीच्या तोंडात मावत नाही आणि नुकसान थांबते. पण तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. हा केवळ समजण्यापुरता हिशेब आहे, परंतु पहिले दोन महिने किती मोलाचे आहेत हे त्यावरून ध्यानात येईल.

विष ओतू नका

शिकारी मासा आहे असा संशय आला की काही जण फवारणीचे औषध तळ्यात ओततात. हे कदापि करू नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे अगदी अल्प प्रमाणातही माशांना मारक आहेत. त्यांत शिकारी मासा मरतो तसा आपला रोहूही मरतो, माशांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव मरतात, आणि तेच पाणी आपली जनावरे पितात. पूर्वी यासाठी सर्रास वापरले जाणारे एंडोसल्फान तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बंद केले. नदी, नाले व सार्वजनिक तलावांत विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

शास्त्रीय मार्ग असा की उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवावे, तळ भेगा पडेपर्यंत तापू द्यावा. आटवणे शक्य नसेल तर बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड वापरावी. प्रमाण हेक्टरी एक मीटर खोल पाण्यास 2500 किलो, म्हणजे दर घनमीटर पाण्यास 250 ग्रॅम. वर सांगितलेल्या तळ्यात बाजूंचा उतार धरून सुमारे 2196 घनमीटर पाणी मावते. भरल्या तळ्याला साडेपाच क्विंटल पेंड लागेल, तर तळाशी 200 घनमीटर पाणी उरले असताना 50 किलोत काम भागेल. म्हणून हे काम उन्हाळ्यातच करावे. पेंडीचा विषारी परिणाम पंधरा ते वीस दिवस टिकतो. तोवर बीज सोडू नये व जनावरांना ते पाणी पाजू नये.

पण बीज सोडून झाले, पाऊस झाला, तळे भरले आणि मग संध्याकाळी काठाशी मोठा फटकारा ऐकू आला, तर काय करायचे? आता पेंड टाकता येत नाही. जाळे ओढले तर मरळ चिखलात दबते किंवा जाळ्यावरून उडी मारते. या ठिकाणी गळ कामाला येतो, आणि त्यातही स्पिनर.

स्पिनर म्हणजे काय?

गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला गळ आपल्याला ठाऊक आहे. तो वासाने व चवीने मासा बोलावतो, म्हणून त्याला रोहूही लागतो, मृगळही लागतो. स्पिनरला खाद्य लावावेच लागत नाही. एका बारीक ताठ तारेवर धातूचे वाटीसारखे किंचित खोलगट पाते असते. ते नालेच्या आकाराच्या लहान कडीने तारेला अडकवलेले असते. त्याखाली मणी, मग पितळेचे किंवा शिशाचे वजन, आणि शेवटी गळ. दोरी ओढली की पाण्याच्या रेट्याने पाते तारेभोवती गरगर फिरते. त्यातून दोन गोष्टी घडतात. पाते चमकते, आणि पाण्यात कंप उठतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते ती पार्श्वरेषा. तिने माशाला पाण्यातील कंप कळतो. गढूळ पाण्यात काही दिसत नसले तरी शिकारी माशाला वाटते की लहान मासा पळतो आहे, आणि तो झडप घालतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी 1852 साली अशा फिरत्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले, आणि फ्रान्समध्ये 1938 साली सुरू झालेला मेप्स हा स्पिनर पुढे जगभर पसरला. आता आपल्याकडेही शहरांत मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत स्पिनर मिळतो.

आपल्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे निवड. पळणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो तोच मासा स्पिनरला लागतो. कटला, रोहू, मृगळ सहसा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. शेतात तण काढताना आपण पीक राखून खुरपे चालवतो, तसेच हे आहे.

पात्याची निवड

पाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. गोल पाते तारेपासून लांब फाकून फिरते. त्याचा कंप जोरदार असतो आणि सावकाश ओढले तरी ते फिरत राहते. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तांब्याच्या किंवा पितळेच्या रंगाचे गोल पाते घ्यावे. विळ्यासारखे लांबट, निमुळते पाते तारेजवळून फिरते, कंप कमी पण चमक अधिक. ते थोडे वेगाने ओढावे लागते. हिवाळ्यात पाणी निवळले की लहान, चंदेरी, लांबट पाते चालते.

शेततळ्यासाठी 5 ते 10 ग्रॅम वजनाचा स्पिनर पुरेसा आहे. पाणवनस्पती असलेल्या गावतळ्यात साधा स्पिनर दर फेकीला गुंततो. तेथे सेफ्टी पिनेप्रमाणे वाकवलेल्या तारेचा प्रकार घ्यावा. त्यात एका बाजूस पाते व दुसऱ्या बाजूस वर तोंड केलेला एकच गळ असतो. तार पुढे राहून वनस्पती बाजूस सारते.

इतर साहित्य

सहा ते सात फुटांची लवचीक काठी, लहान रीळ आणि 4 ते 6 किलो ताण सोसणारी नायलॉनची दोरी घ्यावी. स्पिनर फिरतो तशी दोरीही पिळवटते. म्हणून दोरी व स्पिनर यांच्यामध्ये भोवरकडी अवश्य लावावी. जनावराच्या साखळीला पीळ बसू नये म्हणून आपण लावतो, त्याचीच ही लहान आवृत्ती. शिवड्याचे दात दोरी कापतात. तो असण्याची शक्यता असेल तर भोवरकडीपुढे वीतभर बारीक पोलादी तार जोडावी. सोबत लांब चोचीची पक्कड ठेवावी. गळ हाताने काढू नये.

विकत मिळणाऱ्या स्पिनरला बहुधा तीन तोंडांचा गळ असतो. तो काढून एका तोंडाचा लावावा आणि त्याचा उलटा दात पकडीने दाबून टाकावा. मासा थोडा अधिक सुटेल, पण चुकून लागलेला रोहू जखम न होता परत सोडता येईल, आणि आपल्या बोटात गळ घुसला तर तो निघेल.

ओढण्याची पद्धत

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळतीची निवडावी. शिकारी मासा दुपारी सावलीत व खोल पाण्यात दबून असतो, उजेड मंदावला की काठाशी येतो. तळ्याच्या मध्यभागी जोर लावून फेकण्याचे कारण नाही. मरळ काठालगत, गवताच्या कडेला, पाणी येण्याच्या तोंडाशी असते. म्हणून काठावर उभे राहून बांधाला समांतर फेकावे.

स्पिनर पाण्यात पडताच मनात अंक मोजावेत. पहिल्या फेकीला एक म्हणून ओढण्यास सुरुवात करावी, पुढच्या फेकीला दोन, मग तीन. असे केल्याने वेगवेगळे थर तपासले जातात. सुरुवातीस एक झटका द्यावा म्हणजे पाते फिरू लागते. फिरू लागल्याची खूण काठीच्या टोकाशी जाणवणारा बारीक कंप. त्यानंतर तो कंप टिकेल इतक्याच सावकाश वेगाने ओढावे. नवशिका माणूस नेहमी घाई करतो. चार-सहा हात ओढल्यावर क्षणभर थांबून पुन्हा ओढावे. पुष्कळदा मासा मागोमाग येत असतो आणि स्पिनर पुन्हा चालू होताच झडप घालतो. कंप अचानक थांबला तर एक तर पाला अडकला किंवा मासा लागला. दोरी ताठ करून काठी वर घ्यावी.

पोट फाडून पाहा

ही आजच्या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची सूचना. स्पिनरने मिळालेल्या माशाची नोंद करावी. तारीख, जात, वजन, तळ्याची बाजू. नंतर त्याचे पोट उघडून पाहावे. आत बोटुकल्या निघाल्या तर आपले बीज कोठे गेले याचा पुरावा हाती आला. बेडूक, किडे किंवा रानमासे निघाले तर बीज कमी होण्याचे कारण दुसरीकडे शोधावे. अंदाजाने बीज विकणाऱ्याला दोष देण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते.

मात्र एक ध्यानात ठेवावे. स्पिनरला काही लागले नाही म्हणजे तळ्यात शिकारी मासा नाही असे सिद्ध होत नाही. मागूर व वाम रात्री वासाने भक्ष्य शोधतात. त्यांच्यासाठी रात्री गांडूळ लावलेला गळच बरा. चिलापी लहान स्पिनरवर कधी कधी येते, पण तिची वीण इतकी भराभर होते की गळाने ती आटोक्यात येत नाही. गळ हा आटवणी, पेंड व जाळे यांना पर्याय नाही. त्या तिन्हींच्या मधल्या काळात राखण करणारे ते साधन आहे. आणि मूळ उपाय तर पाणी घेण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवणे हाच. ज्या तळ्यात शिकारी माशाची शंका आहे तेथे बोटुकलीही मोठी, चार इंच किंवा त्याहून अधिक लांबीची सोडावी.

प्लॅस्टिकच्या तळ्यात गळ नको

ज्यांच्या तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर आहे त्यांनी तेथे स्पिनर वापरू नये. गळाचे टोक कागदात रुतले आणि आपण जोराने ओढले तर भोक पडते. एका मरळीसाठी सारे साठवलेले पाणी गमावण्यात शहाणपण नाही. अशा तळ्यात नाल्याचे पाणी गाळूनच घ्यावे आणि पाणी कमी झाल्यावर जाळ्याने साफ करावे.

याहून गंभीर बाब जिवाची आहे. अस्तराच्या तळ्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो. पोहणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. कुंपण, चारी बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब ही सोय केल्याशिवाय तळ्याच्या काठावर कोणालाही, विशेषतः मुलांना, जाऊ देऊ नये. साध्या तळ्यावरही एकट्याने गळ टाकू नये. फेकण्यापूर्वी मागे माणूस नाही ना आणि डोक्यावर विजेची तार नाही ना, हे पाहावे. ढग गडगडू लागताच काठी खाली ठेवून घर गाठावे. गळ खोल घुसला तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. तुटलेली दोरी व गळ काठावर टाकू नयेत. दोरीत पक्षी अडकतात आणि गळ जनावराच्या पायात किंवा चाऱ्यावाटे पोटात जातो.

दुसऱ्याचे पाणी, नदीचे पाणी

मी सांगितले ते आपल्या मालकीच्या तळ्यापुरते. गावतळी व धरणांचे जलाशय मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथील मासा ही त्या सभासदांची रोजीरोटी आहे. परवानगीशिवाय गळ टाकू नये. अभयारण्यातील पाण्यात तर मुळीच नको.

आणि नदीत मरळ शत्रू ठरत नाही. आजारी, अशक्त मासे खाऊन ती पाण्याचा समतोल राखते. पावसाळ्यात मरळीची तांबूस-केशरी पिल्ले पृष्ठभागाजवळ थव्याने फिरताना दिसतात आणि खाली आईबाप राखण करीत असतात. या वेळी ते भुकेपेक्षा रागाने स्पिनरवर धावतात आणि सहज लागतात. आपल्या बीजाच्या तळ्यात असे दिसले तर आईबाप गळाने व पिल्ले बारीक जाळीने काढावीत. नदी-ओढ्यात मात्र त्यांना हात लावू नये, कारण आईबाप गेले की सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तीच गोष्ट खडस म्हणजे महाशीर माशाची. दख्खनच्या या माशाचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यावरून केले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याचे बीज तयार करून सोडले जाते. स्पिनरला तो लागला तर ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडावा.

शेवटी बाजाराचे. मरळीला बाजारात रोहूपेक्षा चांगला दर मिळतो. स्पिनरने जिवंत मिळालेली मरळ ओल्या पोत्यात घालून नेली तर ताजी राहते. काही शेतकरी वेगळ्या तळ्यात तिचेच पालन करतात. एकाच तळ्यात रोहूचे बीज आणि मरळ ठेवणे मात्र कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस ठेवण्यासारखे आहे.

तळ्यातील पाणी प्रथम पिकाचे. मासा हे त्यावरचे जोडउत्पन्न. ते पदरात पडायचे असेल तर उन्हाळ्यात आटवणी, पाण्याच्या तोंडाशी जाळी, मोठी बोटुकली आणि पहिले दोन महिने स्पिनरची राखण, ही चार कामे वेळेवर करावीत. माशांच्या जाती ओळखण्यात अडचण आल्यास जवळचे कृषि विज्ञान केंद्र, मत्स्यव्यवसाय विभागाचे जिल्हा कार्यालय, अथवा नागपूर, उदगीर व रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयांशी संपर्क साधावा. येताना मासा किंवा त्याचे छायाचित्र सोबत आणावे, आणि मघाशी सांगितलेली वहीही आणावी.

 आता आपल्या शंका विचाराव्यात.